ड्राय हर्ब व्हेपोरायझर म्हणजे काय? तो नीट कसा चालतो?

ड्राय हर्ब व्हेपोरायझर हे वाळलेली वनस्पती न जाळता ठरावीक तापमानापर्यंत तापवून, तिच्यातील सुगंधी आणि औषधी घटक श्वासावाटे घेण्याचे उपकरण आहे. सर्दी झाल्यावर गरम पाण्याचा वाफारा घेतात, तो प्रकार वेगळा. या उपकरणात पाणी नसते. ई-सिगारेटमध्ये द्रव भरतात, यात कोरडा पाला किंवा फुले भरतात. जर्मनी, कॅनडा अशा देशांत डॉक्टरांनी लिहून दिलेला औषधी गांजा घेणारे अनेक रुग्ण खिशात मावणारा व्हेपोरायझर वापरतात. भारतात अशा उपकरणांवर बंदी आहे. त्याविषयीची माहिती शेवटी दिली आहे.

महागडे उपकरण घेऊनही वाफ येत नाही, घसा खवखवतो, चव जळकट लागते, अशा तक्रारी नेहमी ऐकू येतात. बहुतेक वेळा दोष उपकरणात नसतो. पाला सगळीकडून सारखा तापत नाही, हे त्यामागचे कारण असते. शेंगदाणे मोठ्या आचेवर भाजले की साल करपते आणि दाणा आत कच्चा राहतो, तसाच हा प्रकार आहे.

जाळणे आणि तापवणे यांत काय फरक आहे?

पेटत्या सिगारेटचा झुरका ओढताना निखारा सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतेत वनस्पतीचे विघटन होऊन डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर घातक रसायने तयार होतात. व्हेपोरायझर साधारण १६० ते २१० अंशांच्या दरम्यान चालतो. या तापमानाला तेलकट घटक उडून हवेत मिसळतात, पण पाला पेट घेत नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १८ व्यक्तींवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. गांजा ओढल्यावर आणि व्हेपोरायझरने घेतल्यावर रक्तातील टीएचसी या मुख्य घटकाची पातळी जवळपास सारखी आढळली. उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मात्र व्हेपोरायझरच्या बाबतीत बराच कमी होता. हा फायदा पाला करपत नाही तोवरच टिकतो. तापमान वाढवत नेले की पाला काळा पडतो आणि न जाळण्याचा हेतूच संपतो.

उपकरणांचे प्रकार

पाल्याला उष्णता कशी मिळते, यावरून दोन मुख्य प्रकार पडतात.

१. वहन पद्धत : पाल्याचा कप्पा स्वतः तापतो आणि भिंतीला टेकलेला पाला तव्यावर भाजल्यासारखा तापतो. उपकरण लहान आणि स्वस्त असते, पण कडेचा पाला आधी भाजला जातो आणि मधला मागे राहतो.

२. अभिसरण पद्धत : गरम हवा पाल्यातून जाते. भाजणी एकसारखी होते आणि चव चांगली येते. मात्र झुरक्याच्या वेगाप्रमाणे तापमान खालीवर होते.

काही उपकरणांत दोन्ही पद्धती एकत्र असतात. जर्मनीतील टुटलिंगन येथील स्टोर्झ अँड बिकेल या कंपनीने २००० साली ‘व्होल्केनो’ हे टेबलावर ठेवायचे उपकरण बाजारात आणले. तिचे ‘मायटी’ हे हातात धरायचे उपकरण अशा मिश्र पद्धतीचे आहे. आपले उपकरण कोणत्या प्रकारचे आहे हे आधी ओळखावे, कारण पाला भरण्याची रीत त्यावर ठरते.

पाला कसा असावा?

ओलसर पाल्यात बरीच उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. पहिले दोन-तीन झुरके नुसतेच दमट आणि घशाला लागणारे येतात. फार सुकलेला पाला बोटात चुरताच भुकटी होतो आणि जाळीतून तोंडात येतो. चिमटीत दाबल्यावर हलकेच तुटणारा, पण पीठ न होणारा पाला योग्य समजावा. तो हवाबंद काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावा.

बुरशीचा वास किंवा पांढुरकी जाळी दिसली तर पाला फेकून द्यावा. उपकरणाच्या उष्णतेने बुरशीचे सगळे बीजाणू मरतीलच असे नाही. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाला त्यातून फुप्फुसाचा गंभीर संसर्ग होऊ शकतो.

पाला किती बारीक करावा, किती भरावा?

वहन पद्धतीच्या उपकरणात पाला बारीक रव्याइतका असावा आणि कप्पा भरून हलक्या हाताने दाबावा. भिंतीशी जितका संपर्क जास्त, तितकी उष्णता चांगली पोहोचते. अर्धा रिकामा कप्पा या प्रकारात नीट चालत नाही. कमी मात्रा घ्यायची असेल तर लहान कॅप्सूल किंवा कंपनीने दिलेली जाळीची गादी वापरून जागा भरून काढावी.

अभिसरण पद्धतीत पाला जाडसर आणि सैल ठेवावा. दाबून भरला तर हवा पाल्यातून न जाता एखाद्या फटीतून वाट काढते. तेवढाच भाग भाजला जातो आणि बाकीचा हिरवाच राहतो. कोणत्याही प्रकारात झुरका ओढायला जोर लागत असेल, तर पाला फार बारीक आहे, फार दाबला आहे किंवा जाळी तुंबली आहे असे समजावे.

तापमान किती ठेवावे?

टीएचसी १५७ अंशांना उकळते, असे सांगणारे तक्ते इंटरनेटवर सर्रास आढळतात. हा आकडा प्रयोगशाळेत अतिशय कमी दाबाखाली मोजलेला आहे. नेहमीच्या हवेत तो तसाच लागू होत नाही. शिवाय पाण्याला उकळी येण्याआधीही कपडे वाळतात, तसेच हे घटक उत्कलनबिंदूच्या खालीही हळूहळू उडत असतात. त्यामुळे एकच जादूचा आकडा शोधण्यात अर्थ नाही.

व्यवहारात १७५ ते १८० अंशांपासून सुरुवात करावी. या टप्प्यावर सुगंधी घटक आधी बाहेर पडतात आणि वाफ सौम्य असते. पुढे पाच-पाच अंशांनी वाढवत १९५ ते २०० पर्यंत जावे. २१० च्या वर जाण्याने फायदा थोडा आणि करपण्याचा धोका जास्त.

पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा तापक घटकाजवळचा असतो, पाल्याचा नसतो. म्हणून उपकरण ‘तयार’ असे दाखवल्यानंतरही २०-३० सेकंद थांबावे. दोन कंपन्यांच्या उपकरणांत सारखाच आकडा लावला, तरी परिणाम वेगळा येऊ शकतो.

इतर वनस्पतींसाठी स्टोर्झ अँड बिकेलच्या माहितीपुस्तिकेत निरनिराळी तापमाने दिली आहेत. निलगिरीची पाने आणि लॅव्हेंडरसाठी १३० अंश, लेमन बामसाठी १४२ अंश, कॅमोमाइल, सेज आणि थाइमसाठी १९० अंश. वनस्पती कोणतीही असो, ती कीटकनाशकमुक्त आणि औषधी दर्जाची असावी.

झुरका कसा घ्यावा?

सिगारेट ओढण्याची सवय असलेल्यांची चूक इथे होते. जोरात ओढल्याने थंड हवा आत शिरते आणि कप्पा निवतो. झुरका सावकाश, आठ-दहा सेकंदांचा असावा. दोन झुरक्यांत अर्धा मिनिट थांबले की उष्णता पुन्हा भरून येते. श्वास रोखून धरल्याने विशेष फायदा होत नाही, कारण घटक फुप्फुसात काही सेकंदांतच शोषले जातात. वहन पद्धतीच्या उपकरणात मध्येच एकदा, चटका न लागेल अशा बेताने, पाला ढवळावा.

दाट ढग म्हणजे जास्त औषध, हा समज चुकीचा आहे. १८० अंशांवर जवळजवळ न दिसणाऱ्या वाफेतही घटक असतात. पाला सोनेरी होऊन कॉफीसारखा तपकिरी झाला आणि चव करपलेल्या पॉपकॉर्नसारखी लागू लागली की थांबावे. पाला काळा झाला असेल तर पुढच्या वेळी तापमान कमी करावे.

साफसफाई आणि बॅटरी

वाफ थंड झाली की चिकट राळ जाळीवर आणि तोटीत साचते. हवेची वाट अरुंद होते, चव बिघडते आणि उपकरण नादुरुस्त झाल्यासारखे वाटते. वापर झाल्यावर कप्पा कोमट असतानाच रिकामा करून ब्रशने झाडावा. जाळी आणि काचेचे भाग आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावेत. प्लॅस्टिकचे भाग त्यात फार वेळ भिजवू नयेत, तडे जातात. अल्कोहोल ज्वलनशील असल्याने सगळे भाग पूर्ण वाळल्याशिवाय उपकरण सुरू करू नये.

लिथियम-आयन बॅटरी कडाक्याच्या थंडीत लवकर उतरते. टोरोंटोच्या हिवाळ्यात उपकरण कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेले बरे. फुगलेली किंवा वेष्टन फाटलेली बॅटरी वापरू नये. विमानप्रवासात ती चेक-इन सामानात न देता हातातल्या सामानात ठेवायची असते.

वाफ कमी आली तर आधी काय पाहावे?

तापमान वाढवणे हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी क्रमाने पाच गोष्टी तपासाव्यात : जाळी स्वच्छ आहे का, पाला ओलसर आहे का, उपकरणाच्या प्रकाराप्रमाणे भरला आहे का, तापल्यावर पुरेसे थांबले का आणि झुरका सावकाश घेतला का.

आरोग्याचे धोके

न जाळणे म्हणजे निर्धोक असणे नव्हे. उपकरण नीट चालू लागले की तेवढ्याच पाल्यातून जास्त घटक शरीरात जातात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील २०१८ च्या अभ्यासात, क्वचित गांजा घेणाऱ्या १७ व्यक्तींना टीएचसीची समान मात्रा दोन्ही प्रकारे देण्यात आली. ओढण्यापेक्षा व्हेपोरायझरमधून घेतल्यावर परिणाम अधिक तीव्र दिसला. त्यामुळे चिलमीतील किंवा सिगारेटमधील मात्रा जशीच्या तशी इथे वापरू नये. एक-दोन झुरक्यांनंतर दहा-पंधरा मिनिटे थांबून परिणाम पाहावा. गरोदर स्त्रिया, किशोरवयीन मुले, हृदयविकार असलेल्या व्यक्ती आणि मनोविकाराचा इतिहास असलेल्यांना धोका अधिक असतो. घेतल्यानंतर वाहन चालवू नये.

कोरड्या पाल्याच्या कप्प्यात तेल किंवा अर्क कधीही ओतू नये. अमेरिकेत २०१९-२० मध्ये फुप्फुसाच्या आजाराची मोठी साथ आली होती. तिचा मुख्य संबंध काळ्या बाजारातील टीएचसी तेलाच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी आढळला. त्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली.

भारतातील कायदा

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा कायदेशीर आहे. जर्मनीत औषधी वापराला २०१७ मध्ये आणि मर्यादित खासगी वापराला १ एप्रिल २०२४ पासून परवानगी मिळाली. भारतात एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार गांजा बाळगणे आणि सेवन करणे गुन्हा आहे.

उपकरणाचा प्रश्न वेगळा आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा, २०१९ च्या व्याख्येत निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्याजोगे सूक्ष्म तुषार तयार करणारी विद्युत उपकरणे येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना मिळालेली उत्पादने तेवढी त्यातून वगळली आहेत. उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आत लॅव्हेंडर भरले होते, या कारणाने उपकरण व्याख्येबाहेर जात नाही. परदेशात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्यांनी सुट्टीसाठी घरी येताना ते बॅगेत आणू नये.