‘स्टार वॉर्स’ कोणत्या क्रमाने पाहावं? : आधी घडलेलं आणि आधी सांगितलेलं

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा उडत्या यानांचा आणि उजेडाच्या तलवारींचा सिनेमा कशाला, असं त्यांचं म्हणणं. शंका रास्त आहे. पण आज आपण ज्या प्रश्नाकडे बघणार आहोत तो इतिहासाचाच आहे. एखादी गोष्ट आधी घडली म्हणून ती आधी सांगितली गेली असं होत नाही. घटनांचा एक क्रम असतो आणि त्या घटना लिहिल्या गेल्याचा दुसरा. या दोन क्रमांची गल्लत झाली की काय होतं, ते मी घरातच पाहिलं.

गेल्या सुट्टीत माझी दहा वर्षांची भाची आमच्याकडे राहायला होती. तिला ‘स्टार वॉर्स’ बघायचं होतं. यादीत ‘भाग १’ असं लिहिलेलं, म्हणून तिनं तिथून सुरुवात केली. अगदी शहाणपणाचं वाटतं ना? एक, दोन, तीन, चार असं करत ती पाचव्यापर्यंत आली. त्या चित्रपटाच्या शेवटी काळा मुखवटा घातलेला खलनायक डार्थ वेडर हा तरुण नायक ल्यूकला सांगतो, की तुझा बाप मीच आहे. ल्यूक हादरतो, किंचाळतो. आणि आमची भाची शांतपणे म्हणाली, “मामा, त्याला एवढंपण माहीत नव्हतं?”

तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं तिसऱ्या भागात त्या बापाचा वेडर होताना पाहिलं होतं. पण १९८० साली जगभरच्या प्रेक्षकांना ज्या क्षणानं खुर्चीत खिळवून ठेवलं, तो तिच्या वाट्याला आलाच नाही, आणि आता येणारही नाही. असा धक्का माणसाला एकदाच बसतो.

मग हे आकडे आले कुठून? पहिला चित्रपट अमेरिकेत २५ मे १९७७ रोजी लागला, सुरुवातीला अवघ्या तीसेक चित्रपटगृहांत. सुरुवातीला पिवळी अक्षरं पडद्यावर वर सरकत जातात, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. त्या मजकुरात तेव्हा भागाचा क्रमांक नव्हता. चित्रपटाचं नाव फक्त ‘स्टार वॉर्स’. गोष्ट मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते, त्याचं कारण दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांच्या लहानपणात आहे. ‘फ्लॅश गॉर्डन’सारख्या जुन्या मालिका-चित्रपटांवर ते वाढले. त्या मालिकांत दर आठवड्याला एक तुकडा दाखवत, आणि आधी काय झालं ते थोडक्यात अक्षरांत सांगत. ती सवय त्यांनी उचलली. मागे खरोखर तीन भाग दडलेले आहेत, असं १९७७ च्या प्रेक्षकाला कुणी सांगितलं नव्हतं.

२१ मे १९८० रोजी दुसरा चित्रपट आला, ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’. त्याच्या अक्षरांत लिहिलेलं होतं ‘भाग ५’. विचार करा, लोकांनी आतापर्यंत एकच चित्रपट पाहिलाय, आणि दुसरा आला तो थेट पाचवा होऊन! (हशा) पुढे एप्रिल १९८१ मध्ये पहिला चित्रपट पुन्हा लावला, तेव्हा त्यात ‘भाग ४’ आणि ‘अ न्यू होप’ हे शब्द घालण्यात आले. म्हणजे चार हा आकडा चार वर्षांनी चिकटवलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं अशा वेळी कान टवकारायला हवेत. एखाद्या कागदावर नंतरच्या हातानं घातलेला मजकूर दिसला की आपण काय करतो? तो नंतरचा आहे अशी नोंद करतो आणि मगच पुढे वाचतो.

आता मोठा प्रश्न. वेडर हाच बाप, हे ल्युकसना पहिल्यापासून माहीत होतं का? त्यांनी मुलाखतींतून सगळं आधीच ठरलं होतं असं बरेचदा सूचित केलं. पण पुरावे निराळं सांगतात. दुसऱ्या चित्रपटाचा पहिला पटकथा-खर्डा ली ब्रॅकेट या अनुभवी लेखिकेनं १९७८ च्या आरंभी पूर्ण केला. त्या खर्ड्यात ल्यूकचे वडील आत्म्याच्या रूपात येऊन मुलाला भेटतात, आणि वेडर हा वेगळाच माणूस आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रॅकेट वारल्या. पुढचा खर्डा ल्युकसनी स्वतः लिहायला घेतला, आणि त्यात दोन माणसांचा एक माणूस झाला.

दुसरा पुरावा पहिल्याच चित्रपटात आहे. म्हातारा ओबी-वान वेडरशी लढताना त्याला नुसतं ‘डार्थ’ अशी हाक मारतो. आपण एखाद्याला नावानं बोलावतो तसं. नंतर ‘डार्थ’ ही पदवी ठरली. १९७७ साली ते त्या माणसाचं नाव होतं. हीच गत राजकन्या लेयाची. ती ल्यूकची बहीण आहे हे १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये कळतं. पण आधीच्या दोन्ही चित्रपटांत ती ज्या तऱ्हेनं ल्यूकचं चुंबन घेते, ते पाहता हे नातं कुणाच्या डोक्यात होतं असं वाटत नाही.

हे मी दोष म्हणून सांगत नाही. उलट मला यात मौज वाटते. एक गोष्ट लिहिता लिहिता वाढत गेली, आणि वाढताना तिनं स्वतःचा भूतकाळ बदलून घेतला. चित्रीकरणाच्या वेळी तर वेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउझ यांनाही खरं वाक्य दिलं नव्हतं. ते दुसरंच काहीतरी बोलत होते, आणि ल्यूकचं काम करणारे मार्क हॅमिल यांच्या कानात ऐन वेळी खरं सांगितलं गेलं. वेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स पुढे सांगत, की ते वाक्य वाचून हा खोटं बोलतोय असंच त्यांना वाटलं होतं. प्रेक्षकांचंही तेच झालं. खरं की खोटं, या वादात लोकांनी १९८० ते १९८३ अशी तीन वर्षं काढली.

मग सोळा वर्षांची पोकळी. १९९९ मध्ये ‘द फँटम मेनेस’ म्हणजे भाग १ आला, २००२ मध्ये ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ आणि २००५ मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’. गोष्टीच्या हिशेबानं हे आधीचे, पण लिहिणारा माणूस पंचविशी-तिशी ओलांडून पन्नाशीच्या पलीकडे गेलेला, आणि शेवट आधीच ठाऊक असलेला. काळही बदलला होता. पहिला चित्रपट लिहिला गेला तेव्हा व्हिएतनामचं युद्ध संपत आलेलं होतं आणि निक्सन यांना १९७४ मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. एका बलाढ्य साम्राज्याला मूठभर लोक हरवतात, ही कल्पना त्या हवेत होती. २००५ साली प्रश्न वेगळा झाला. लोकशाहीच टाळ्यांच्या गजरात आपले अधिकार एका माणसाच्या हाती कसे सोपवते? इराकचं युद्ध चालू असताना अमेरिकन प्रेक्षकानं तो प्रसंग पाहिला. भाग ३ नंतर लगेच भाग ४ बघणाऱ्याला या दोहोंमध्ये एकोणीस वर्षांची नव्हे, उलट्या दिशेनं अठ्ठावीस वर्षांची उडी आहे हे जाणवतसुद्धा नाही.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडली पाहिजे. सहा चित्रपट पूर्ण झाल्यावर ल्युकस यांची स्वतःची इच्छा हीच होती, की ते एक ते सहा असे सलग बघावेत, म्हणजे ती बापाची शोकांतिका होते. आणि याला आपल्याकडे फार मोठा आधार आहे. महाभारतात कर्ण कुंतीचा मुलगा आहे हे श्रोत्याला आदिपर्वातच कळतं. कर्णाला ते कृष्ण सांगतो उद्योगपर्वात. मधल्या सगळ्या प्रसंगांत आपल्याला माहीत आहे आणि त्याला माहीत नाही, याचीच वेदना आहे. मग ल्यूकला माहीत नाही आणि माझ्या भाचीला माहीत आहे, यात बिघडलं काय?

बिघडलं हे, की महाभारताची मांडणीच तशी आहे. तिथला प्रत्येक प्रसंग श्रोत्याला रहस्य ठाऊक आहे हे धरून रचलाय. १९७७ आणि १९८० चे चित्रपट प्रेक्षकाला काही ठाऊक नाही हे धरून रचलेत. ओबी-वान ल्यूकला त्याच्या वडिलांविषयी सांगतो, तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवावा अशी योजना आहे. आधी भाग ३ पाहिला की तोच म्हातारा पहिल्या भेटीतच खोटारडा ठरतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. समजा तुम्ही प्रदर्शनाच्या क्रमानं बघायचं ठरवलंत. तरी आज घरच्या पडद्यावर ‘१९७७’ या सालाखाली जे दिसतं, ते १९७७ चं नाही.

१९९७ मध्ये ल्युकसनी पहिल्या तिन्ही चित्रपटांच्या ‘स्पेशल एडिशन’ काढल्या. संगणकानं केलेले प्राणी, नवे प्रसंग, नवी गाणी घातली. हान सोलो हा तस्कर ग्रीडो नावाच्या मारेकऱ्याला आधी गोळी घालतो असं मूळ चित्रपटात आहे. १९९७ मध्ये ग्रीडो आधी झाडतो असं झालं. म्हणजे एका मतलबी माणसाचा सुधारत जाण्याचा प्रवास सुरुवातीलाच सौम्य करून टाकला. २००४ च्या डीव्हीडीत आणखी बदल झाले. १९८३ च्या चित्रपटाच्या शेवटी बापाचा आत्मा दिसतो, ते काम सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाचं होतं. त्यांना काढून तिथे नव्या चित्रपटांतला तरुण नट हेडन ख्रिस्टेनसेन बसवला. १९९७ चे बदल मूळ निगेटिव्ह कापून, जोडून केलेले आहेत. २००६ मध्ये मूळ आवृत्त्या डीव्हीडीवर जादा म्हणून दिल्या, पण त्या जुन्या लेझरडिस्कच्या दर्जाच्या होत्या.

यातला विरोधाभास बघा. मार्च १९८८ मध्ये हेच जॉर्ज ल्युकस अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष द्यायला उभे होते. तेव्हा कंपन्या जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग देत सुटल्या होत्या. ल्युकसनी त्याला कडाडून विरोध केला. असे बदल म्हणजे सांस्कृतिक वारशाची मोडतोड आहे, आणि उद्या मूळ निगेटिव्हच नाहीसे होतील, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी चित्रपट-जतनाचा कायदा झाला, आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जे पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले, त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. ल्युकस म्हणू शकतात, की मी परका नाही, माझ्या कृतीत मीच बदल केले. हा हक्क मला मान्य आहे. कवी आपली कविता सुधारतो, लेखक दुसरी आवृत्ती काढतो. पण दुसरी आवृत्ती आली म्हणून ग्रंथालयातली पहिली कुणी जाळत नाही. पोथीचे पाठभेद आपण जपतो, कारण त्यातूनच ती कशी घडली ते कळतं. जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ ची मूळ प्रिंट दाखवली, तर ती जगभर बातमी झाली. इतका गाजलेला चित्रपट त्याच्या मूळ रूपात दाखवणं ही बातमी व्हावी, यातच सगळं आलं.

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेनं सुमारे चार अब्ज डॉलरना कंपनी विकत घेतल्याचं जाहीर केलं. एप्रिल २०१४ मध्ये आधीच्या अनेक वर्षांतल्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स अधिकृत इतिहासातून काढून ‘लेजेंड्स’ म्हणजे दंतकथा या सदरात टाकण्यात आल्या. सत्ता बदलली की बखरी बदलतात, हे आपल्याला नवं नाही. (हशा) मग २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये भाग ७, ८, ९ आले. २०१६ चा ‘रोग वन’ १९७७ च्या चित्रपटाच्या उंबरठ्यावर संपतो. त्यात १९९४ मध्ये निधन झालेल्या पीटर कुशिंग यांचा चेहरा संगणकानं पुन्हा उभा केलाय.

तर मग बघायचं कसं? नव्यानं बघणाऱ्यासाठी माझा सल्ला असा.

आधी १९७७, १९८० आणि १९८३ चे तीन चित्रपट. शक्य असेल तर दोन चित्रपटांमध्ये निदान एक आठवडा जाऊ द्या. १९८० च्या चित्रपटानंतर तर नक्कीच. वेडर खरं बोलला का, यावर घरात वाद होऊ द्या.

मग १९९९, २००२, २००५. आता शेवट माहीत आहे, त्यामुळे हे चित्रपट कर्णाच्या कथेसारखे बघता येतात. ते बांधलेही तसेच आहेत.

त्यानंतर २०१५ पासूनचे, प्रदर्शनाच्या सालाप्रमाणे. ‘रोग वन’ही तिथेच, पहिल्या चित्रपटाच्या आधी नको.

काहीजण चार, पाच, मग दोन, तीन आणि शेवटी सहा असा क्रम सुचवतात. २०११ पासून तो बराच प्रसिद्ध आहे. त्यात धक्का शाबूत राहतो आणि बापाची कथा पूर्वस्मृतीसारखी मध्ये येते. दुसऱ्यांदा बघताना तो जरूर करून बघा. एक ते नऊ हा क्रमही दुसऱ्या खेपेला चालेल. पहिल्या खेपेला मात्र नको.

आणि एक छोटंसं काम. नऊ मुख्य चित्रपट मिळून वीस तासांहून अधिक होतात. सुरू करण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येकाचं साल लिहा आणि समोर ठेवा. काही खटकलं, एखादा प्राणी फारच गुळगुळीत वाटला, एखादा चेहरा वयाला शोभेना, तर विचारा : हे त्या सालचं आहे, की नंतर कुणी घातलंय? भाचीला मी हा कागद आधी दिला नाही, ही माझी चूक. तिच्या धाकट्या भावानं अजून यातलं काही पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी कागद तयार आहे, आणि पाचव्या भागात काय होतं ते त्याला सांगायचं नाही असं भाचीनं मला कबूल केलंय.