समुद्रावरचा रविवार

आमच्या इतवारीत समुद्र नाही, हे सांगावयास इतिहासकार नको. पाणी पाहावयाचे तर जुम्मा तलाव, ज्याला आता गांधीसागर म्हणतात; फार तर अंबाझरी. असे असता आम्ही गेल्या हिवाळ्यात मुंबईहून निघालेल्या एका प्रवासी जहाजावर एक आख्खा दिवस काढून आलो. परतल्यावर बाजारातील हमाल मंडळींनी हसत विचारले, "काय भाऊ, चैन करून आले ना?" प्रश्न थट्टेचा होता, पण मनाला लागला. ज्याचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले, त्याने दिवसभर काहीही न करता डेकवरील खुर्चीत पडून राहावे, यात लाजण्याजोगे काही आहे काय? त्याचे उत्तर आम्ही इतिहासात शोधले, आणि तेच आज श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

केवळ आरामासाठी समुद्रावर जावे, ही कल्पना फार जुनी नव्हे. आपल्याकडे आगबोट म्हणजे वाट होती. गिरणगावचा चाकरमानी शिमग्याला रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले गाठी तो बोटीनेच. डेकवर वळकटी टाकून तो रात्र काढी. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे; मग भर समुद्रात होडीत उतरावे लागे. पोहोचणे हाच त्याचा आनंद. युरोपातही बहुतेकांची गोष्ट हीच होती. तेथे हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे चालक आल्बर्ट बालिन यांच्यापुढे एक व्यापारी अडचण उभी राहिली. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि मोठमोठी जहाजे रिकामी पडत. तेव्हा त्यांनी २२ जानेवारी १८९१ रोजी 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज २४१ उतारूंसह भूमध्य समुद्रात नुसते फिरावयास पाठविले. अशा सफरी त्याआधीही तुरळक झाल्या होत्या. पण आजच्या सुखसफरींच्या धंद्याचा आरंभ पुष्कळजण येथूनच मोजतात.

आता त्याच सुमारास आपल्या देशात काय चालले होते ते पाहा. मुंबईच्या गिरण्यांत कामगाराला आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. यंत्र साफ करण्यापुरते ते थांबे, माणसाच्या विसाव्यासाठी नव्हे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने लहान मुलांपुरतेच काय ते संरक्षण दिले होते. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केले. म्हणजे श्रीमंतांची सुखसफर आणि गिरणी कामगाराचा रविवार ही दोन्ही जवळजवळ एकाच वर्षाची अपत्ये होत. एकीला जहाज मिळाले, दुसऱ्याला एक दिवस. आणि तो दिवसही मागून, सभा भरवून घ्यावा लागला.

जहाजाच्या पोटात मात्र हा रविवार पोहोचला नाही. वर डेकवर उतारू वारा खात, तेव्हा खाली आगवाले भट्टीत कोळसा लोटीत. ब्रिटिश बोटींवर असे हजारो हिंदी खलाशी असत. त्यांत रत्नागिरीकडचे लोक होते, आणि जेवणघर सांभाळणारे गोव्याचे तारवटी होते. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्यांचे वेतन फारच तुटपुंजे असे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कारखान्यांसाठी आठ तासांचा दिवस ठरविला. पुढच्याच वर्षी जिनोआ येथील परिषदेत खलाशांच्या तासांना मर्यादा घालण्याचा ठराव आला. त्याला हवी असलेली दोन-तृतीयांश मते अगदी थोडक्यात हुकली. आपल्या कारखान्यांत ४८ तासांचा आठवडा येण्यास १९४६ साल उजाडावे लागले; त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते.

त्या जहाजावर आम्हाला चहा देणारा मुलगा गोव्याचा होता. त्याचा आजाही बोटीवरच होता म्हणे. "बाळा, तुझी सुटी कधी?" असे विचारताच तो हसून म्हणाला, "काका, घरी गेलो की सगळी सुटीच!" घरी जावयास त्याला आणखी पाच महिने होते. २००६ च्या सागरी कामगार कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्या करारात आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुटी हे तत्त्व आहे. तरीही चोवीस तासांत चौदा आणि सात दिवसांत बहात्तर तासांपर्यंत काम घेण्याची मुभाही आहे. आगवाल्याचा फावडा गेला, पण वरच्या माणसाचा आराम आणि खालच्या माणसाचे तास यांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

आमचे वडील एम्प्रेस गिरणीत साच्यावर होते. त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही. रविवारी सायंकाळी ते आम्हाला घेऊन जुम्मा तलावाच्या काठी बसत, तासभर कोणाशी बोलत नसत, नुसते पाण्याकडे पाहत. तो तास म्हणजे चैन होती, असे कोण म्हणेल?

हमालभावांना आमचे उत्तर एवढेच की, होय, आम्ही चैन करून आलो, आणि त्याची लाज बाळगीत नाही. आपल्या वस्तीला नावच इतवाराचे आहे. तो वार पाठीवर पोती वाहणाऱ्याला मिळावा, आणि समुद्रावर चहा देणाऱ्या त्या पोरालाही मिळावा. मागणी जुनीच आहे. ती आता जहाजापर्यंत न्यावयाची आहे.