ठिणगी आणि सांधा

निफाडचे नाव दोन कारणांनी महाराष्ट्राच्या कानी येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी येथे झाला, हे एक. आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेले कडाक्याच्या थंडीचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात, हे दुसरे. अशाच एका दंवाने भिजलेल्या पहाटे, एका परिचिताच्या द्राक्षमळ्यात, जो प्रसंग मी पाहिला तो क्षुल्लक खरा. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तो पुष्कळ शिकवून गेला.

द्राक्षांच्या पेट्या भरून उभा असलेला जुना सीएनजी ट्रक काही केल्या नीट चालेना. चार सिलिंडरांपैकी एक मुका होता. आदल्याच दिवशी त्यावर नवी इग्निशन कॉइल बसविली होती, आणि ‘नवीही खोटीच निघाली’ असा मालकांचा निर्णय झाला होता. तोडलेली द्राक्षे कोणासाठी खोळंबत नाहीत. त्यामुळे तिसरी कॉइल आणण्यास माणूस धाडण्याची घाई चालली होती. मिस्त्रीने मात्र इंजिन बंद करून मुक्या सिलिंडराची कॉइल शेजारच्या सिलिंडरावर व शेजारची मुक्यावर बसविली. दोष जागचा हलला नाही. तो म्हणाला, “अण्णा, कॉइल बिचारी निर्दोष आहे, तिच्यापर्यंत वीजच पुरती पोचत नाही.” कपलर सोडवून पाहिला, तो आतील पिनेवर हिरवट गंज चढलेला!

ह्या कॉइलची वंशावळ मोठी भारदस्त आहे. १८३१ साली फॅरडेने एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून, एकातील प्रवाह तोडताच दुसऱ्यात क्षणभर वीज उठते, हे दाखविले. १८३६ साली कॅलन नामक आयरिश धर्मोपदेशकाने त्या तत्त्वावर प्रबळ कॉइल रचली. पॅरिसच्या रूमकोर्फने तिला कीर्ती मिळवून दिली. आणि १८६० साली लेन्वारने तिच्या ठिणगीवर आपले गॅसचे इंजिन चालविले. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीत चार सिलिंडरांस लाकडी पेटीतल्या चार कॉइली असत. पुढे केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकसाठी एका कॉइलवर काम भागविण्याची योजना बसविली, आणि ती अनेक दशके टिकली.

आपल्या रस्त्यांवरील ट्रकांच्या बाबतीत मात्र ह्या कथेला निराळेच वळण लागले. १९५४ साली टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरास डिझेल ट्रक बांधण्यास आरंभ केला. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच पेट घेते. त्यास ठिणगी नको. पिंपळगाव बसवंतावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर डिझेलचे राज्य झाले, आणि ट्रकमिस्त्रीस कॉइलची फारशी गरज उरली नाही. सीएनजीबरोबर ती परत आली. कारण गॅसला ठिणगी हवी, आणि तीही पेट्रोलपेक्षा जोरकस. आता पुन्हा सिलिंडरागणिक एक कॉइल आली, आणि कॉइलगणिक एक कपलर.

ह्या वंशावळीत कॉइलच्या पिढ्या नावानिशी सापडतात; सांधे जोडणाऱ्यांची नावे सहसा सापडत नाहीत. तरी सांध्याचे माहात्म्य गणिताने दाखविता येते. जुन्या पद्धतीच्या कॉइलचा अवरोध तीन ओम धरला, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून तीत चार अँपिअर प्रवाह जातो. गंजलेल्या सांध्याने एकच ओम वाढविला की प्रवाह तीन अँपिअरांवर येतो. आणि कॉइलमधील ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सोळा भागांतून नऊच भाग उरते. एवढ्याशा गंजाने ठिणगीचे बळ जवळजवळ निम्मे होते, आणि दोष मात्र कॉइलच्या माथी बसतो.

इतिहास लिहिताना आमच्या हातूनही हेच घडते. राज्य उभे राहिले की एका पुरुषास श्रेय द्यावे, बुडाले की एकास दोष द्यावा, आणि मधले सांधे तपासूच नयेत! रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात हा सोपा मार्ग टाकला. शिवाजीमहाराजांच्या थोरवीस यत्किंचितही उणेपणा न आणता, संतांच्या शिकवणुकीने पिढ्यान्‌पिढ्या जोडल्या गेलेल्या लोकसमाजाकडे त्यांनी बोट दाखविले.

मिस्त्रीने बॅटरीची ऋण तार सोडविली, गंजका कपलर कापून टाकला, तारेचे लखलखीत तांबे लागेपर्यंत टोक सोलले, नवी पिन आवळून बसविली आणि रबरी बूच नीट दाबले. चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. ट्रक रस्त्यास लागल्यावर मालकांना आदल्या दिवशी भंगारात फेकलेली जुनी कॉइल आठवली. ती शोधून आणली, पुसली, आणि तिजवर खडूने ‘चांगली आहे’ असे लिहून त्यांनी ती फळीवर जपून ठेवली.