गिरणीचा हिशेब आणि जात

गिरणी बंद पडल्यावर कामगाराच्या हाती जे पडायचे त्याला आमच्या चाळीत नुकसानभरपाई कोणी म्हणत नसे, 'हिशेब' म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या संपावर पुष्कळ लिहिले गेले. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, असंख्य परत आत गेलेच नाहीत. पण पुढच्या वर्षांत करारावर अंगठा उठवून जे घरी बसले, त्यांच्या हिशेबाचा इतिहास मला फारसा कुठे आढळत नाही. त्या हिशेबात जात कशी शिरली, इकडे तर आमच्या पुरोगामी मित्रांचेही लक्ष गेले नाही.

ती धोट्यातून शिरली. विणकर नवी बाबीण भरताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. म्हणून जास्त मजुरीचे कापड खाते आमच्या माणसाला बंद, आणि कमी मजुरीचे रिंग खाते खुले. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला होता. धागा तोंडाने ओढणे पुढे मागे पडले, पण खात्यांची वाटणी इतक्या लवकर मोडत नसते.

आता कायदा पाहा. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली आलेल्या २५-एफ कलमाने नोकरकपातीची भरपाई ठरवली ती अशी : भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. सूत्र सर्वांना सारखे! परंतु ज्या पगारावर ते चालायचे तो पगारच जातीने पाडलेला. वर्षांचेही तेच. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा. काम मिळाले तर भरली, नाही तर परत. सोलापूरच्या एका गिरणीच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, ज्या वर्षात बदलीवाल्याने प्रत्यक्ष २४० दिवस काम केले नाही, ते वर्ष ग्रॅच्युइटीला धरायचे नाही. काम न देणारा मालक, आणि वर्ष गमावणारा कामगार.

माझे वडील रिंग खात्यात. त्यांच्या गिरणीने स्वेच्छानिवृत्तीचा करार केला. रक्कम हप्त्यांनी द्यायची होती. पहिला हप्ता मिळाला आणि कचेरीला कुलूप लागले. 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द मोठा धूर्त आहे. कायद्याच्या व्याख्येत ती नोकरकपात नव्हे. म्हणजे २५-एफ चा आधार गेला, उरला तो करार. आणि कराराची प्रत कोणाकडेच नाही! ती मिळवण्यातच आमचे कित्येक महिने गेले. चाळीतल्या लोकांचे अर्ज मीच लिहीत होतो. प्रत्येकाला मी एकच विचारायचो : तिकीट नंबर, पगाराच्या चिठ्ठ्या, हप्त्याची पावती आहे का? ज्या बाईने नवऱ्याच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जपल्या होत्या, तिचा अर्ज सर्वांत भक्कम झाला.

अर्ज तेव्हाच्या ३३-सी (२) कलमाखाली कामगार न्यायालयात जायचे. तिथे न्यायालय नवा हक्क देत नसे, असलेल्या हक्काचा आकडा काढत असे. म्हणून तर मालकाचा वकील आधी करारच नाकारायचा. आकडा निघाल्यावर वसुलीचा दाखला कलेक्टरकडे जायचा, आणि शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली व्हायची असे. कलेक्टरचा माणूस गिरणीत गेला तेव्हा सर्व मालमत्ता बँकांकडे तारण होती. १९८५ पर्यंत कंपनी बुडाली की आधी तारणवाले, मग कामगार, असा क्रम होता. त्या वर्षी ५२९-ए कलम आले आणि कामगारांची देणी तारणवाल्यांच्या बरोबरीला बसली. पुढे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने ही बरोबरी अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांच्या देण्यांपुरती आखडली. त्याआधीचे थकलेले खालच्या रांगेत.

वडिलांचा दुसरा हप्ता वसुलीतून आला. उरलेल्यासाठी लिक्विडेटरकडे दावा लावला. त्या दाव्यात पगार रिंग खात्याचा होता, आणि बदलीची सात वर्षे धरलेली नव्हती.