व्हाइट माउंटन्समधील भव्य हॉटेले

व्हाइट माउंटन्समधील भव्य हॉटेले : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हॅम्पशर राज्याच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात, १८५० च्या दशकापासून १९०० च्या दशकापर्यंत उभारली गेलेली, शेकडो पाहुण्यांची सोय असलेली उन्हाळी हॉटेले. या पर्वतराजीतील मौंट वॉशिंग्टन हे शिखर १,९१७ मी. उंच असून ईशान्य अमेरिकेत ते सर्वोच्च आहे. बॉस्टन व न्यूयॉर्कसारख्या शहरांतील सधन कुटुंबे उन्हाळा घालवण्यासाठी या भागात येत.

पर्यटनाची सुरुवात मालवाहू गाडीवानांच्या मुक्कामाच्या साध्या खाणावळींतून झाली. क्रॉफर्ड नॉच या खिंडीत अशी खाणावळ चालवणाऱ्या एबल क्रॉफर्ड व त्याचा मुलगा ईथन ॲलन यांनी १८१९ मध्ये मौंट वॉशिंग्टनकडे जाणारी पायवाट पाडली. ऑगस्ट १८२६ मध्ये याच खिंडीत दरड कोसळली. तिच्या भीतीने घराबाहेर पळालेले विली कुटुंब व त्यांचे दोन मजूर गाडले गेले, मात्र घर जसेच्या तसे उभे राहिले. या दुर्घटनेवर नथॅन्येल हॉथॉर्नने कथा लिहिली, टॉमस कोलसारख्या चित्रकारांनी खिंडीची निसर्गचित्रे रंगवली आणि परिसराचा लौकिक दूरवर पसरला.

हॉटेलांची खरी वाढ मात्र रेल्वेमुळे झाली. १८५१ मध्ये लोहमार्ग गोरम गावापर्यंत पोचला, त्यापाठोपाठ ग्लेन हाऊस (१८५२) व प्रोफाइल हाऊस (१८५३) ही हॉटेले निघाली. १८६९ मध्ये सिल्व्हेस्टर मार्शने मौंट वॉशिंग्टनच्या शिखरापर्यंत दातेरी लोहमार्ग, म्हणजे रुळांमधील दातेरी पट्टीत इंजिनाचे दातेरी चाक अडकवून तीव्र चढ चढणारी रेल्वे, पूर्ण केला. १८७५ मध्ये क्रॉफर्ड नॉचमधूनही गाडी धावू लागली. पाहुणे मोठमोठ्या ट्रंका व नोकरचाकर घेऊन येत आणि अनेक आठवडे राहत. खोलीचे भाडे व तिन्ही वेळचे जेवण एकाच दरात देण्याची पद्धत रूढ असल्याने हॉटेलच्या भोजनगृहाला मोठे महत्त्व आले. स्वच्छ हवेमुळे बेथलिहेम गावी परागज्वराचे, म्हणजे परागकणांनी सतत शिंका व नाक वाहण्याचा त्रास होणारे, रुग्णही उतरत.

या परंपरेचा कळस म्हणजे कोळसा व्यवसायात धनाढ्य झालेल्या जोसेफ स्टिकनीने ब्रेटन वुड्स येथे बांधवून १९०२ मध्ये सुरू केलेले मौंट वॉशिंग्टन हॉटेल होय. चार्ल्स ॲलिंग गिफर्ड हा त्याचा वास्तुशिल्पी असून बांधकामासाठी इटालियन कारागीर आणले होते. पांढऱ्या भिंती, लाल छपरे, अष्टकोनी मनोरे आणि शिखरांकडे तोंड असलेला लांबलचक व्हरांडा ही या वास्तूची ठळक वैशिष्ट्ये आहेत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद असलेल्या या हॉटेलची घाईने डागडुजी करून १ ते २२ जुलै १९४४ या काळात ४४ राष्ट्रांची चलनविषयक परिषद तेथे भरवण्यात आली. तीतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्था जन्मास आल्या. भारताच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, रायगड जिल्ह्यातील नाते येथे जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे एक सदस्य होते. ब्रिटनकडे साठलेल्या भारताच्या स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंडांतील, येणी रकमांचा प्रश्न या शिष्टमंडळाने परिषदेत मांडला.

तत्पूर्वीच या हॉटेलांची उतरती कळा सुरू झाली होती. मोटारगाडीमुळे प्रवासी एके ठिकाणी महिनाभर न थांबता रोज नव्या गावी मुक्काम करू लागले, तर लाकडी इमारती आगीत एकामागून एक भस्मसात झाल्या : ग्लेन हाऊस १८८४ व १८९३ मध्ये, प्रोफाइल हाऊस १९२३ मध्ये, फेब्यन हाऊस १९५१ मध्ये आणि आधीच बंद पडलेले क्रॉफर्ड हाऊस १९७७ मध्ये. दरम्यान बेसुमार लाकूडतोडीने उजाड होत चाललेले डोंगर वाचवण्यासाठी झालेल्या चळवळीतून १९११ चा वीक्स कायदा संमत झाला व १९१८ मध्ये येथे राष्ट्रीय वन स्थापन झाले.

मौंट वॉशिंग्टन हॉटेलला १९८६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. केवळ उन्हाळ्यावर विसंबण्याची जुनी रीत सोडून ते १९९९ पासून हिवाळ्यातही खुले राहू लागले. हा बदलच त्याच्या टिकाऊपणाचे एक प्रमुख कारण ठरला आहे.