अपस्मारविरोधी औषधांचे रक्तमापन
अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) उपचारात दिलेल्या औषधाची रुग्णाच्या रक्तरसातील संहती मोजून त्यावरून मात्रा ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. गोळीवर छापलेला मिलिग्रॅमचा आकडा आणि मेंदूपर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारे औषध यांत मोठी तफावत पडू शकते, या अनुभवातून ही पद्धत उदयास आली.

अपस्मारावरील पहिले परिणामकारक औषध पोटॅशियम ब्रोमाइड हे होय. त्याचा उपयोग चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये लंडन येथे जाहीर केला. ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्यामुळे रोजची मात्रा न वाढविताही ते साठत जाऊन गुंगी, असंबद्ध बोलणे व भ्रम ही लक्षणे उद्‌भवतात. अशा रुग्णास वेडा समजून मनोरुग्णालयात ठेवल्याचीही उदाहरणे आहेत. ओटो वूथ यांनी १९२७ मध्ये गोल्ड क्लोराइडाच्या साहाय्याने रक्तातील ब्रोमाइड मोजून उपचार करण्याची पद्धत पुढे आणली. या मापनाची खरी सुरुवात तेथूनच मानावी लागेल.

आल्फ्रेट हाउप्टमान यांनी १९१२ मध्ये फिनोबार्बिटोनाचा व मेरिट आणि पटनम यांनी १९३८ मध्ये फिनिटॉइनाचा उपयोग दाखविला. फिनिटॉइनाची रक्तातील संहती व तिचा परिणाम यांचा संबंध मात्र १९६० मध्ये डेन्मार्कमधील फ्रिट्झ बुखटाल, स्वेन्समार्क व त्यांचे सहकारी यांनी स्पष्ट केला. दर मिलि.मागे सु. १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक संहती असल्यास आकड्या सामान्यतः आटोक्यात येतात, असे त्यांना आढळले. न्यूयॉर्क येथील हेन कुट यांनी १९६४ मध्ये दुसरी बाजू मांडली : सु. २० मायक्रोग्रॅमच्या पुढे बुबुळे थरथरतात, ३० च्या पुढे चालताना तोल जातो आणि ४० च्या पुढे मानसिक विकृती दिसते. १०–२० ही प्रचलित मर्यादा या निरीक्षणांवर उभी आहे.

फिनिटॉइनाच्या बाबतीत मापनाला विशेष महत्त्व येण्याचे कारण यकृतात आहे. या औषधाचे विघटन करणाऱ्या एंझाइमांची क्षमता लवकर संपते. त्यानंतर मात्रेत थोडी वाढ केली, तरी संहती एकदम चढते. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिनिटॉइनाच्या विषबाधेची साथच आल्यासारखे झाले. औषधाची मात्रा बदललेली नव्हती. कॅप्सुलातील कॅल्शियम सल्फेट हे पूरक द्रव्य काढून त्याऐवजी दुग्धशर्करा घातली गेली होती, आणि त्यामुळे औषधाचे शोषण वाढले होते. रुग्णांच्या रक्तमापनामुळेच हा उलगडा होऊ शकला. एकाच औषधाच्या अनेक छापांच्या गोळ्या विकल्या जाणाऱ्या भारतासारख्या देशात हे उदाहरण केवळ ऐतिहासिक ठरत नाही.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड फिनिटॉइनाचे विघटन रोखते. ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड सावकाश निष्क्रिय होते, त्यांना विषबाधेचा धोका अधिक असतो. रिफँपिसीन याउलट विघटन वाढविते. कुपोषणाने रक्तातील अल्ब्युमीन घटले असल्यास एकूण फिनिटॉइन कमी भरते. परंतु मुक्त, म्हणजे प्रत्यक्ष कार्यकारी, अंश पुरेसा असू शकतो. अशा वेळी केवळ आकडा पाहून मात्रा वाढविणे घातक होय.

सुरुवातीच्या मापनपद्धती किचकट होत्या व त्यांना रक्तही बरेच लागे. वायुवर्णलेखनाने अचूकता आली. एंझाइमयुक्त प्रतिरक्षा परीक्षण १९७२ मध्ये पुढे आल्यावर हे मापन मोठ्या रुग्णालयांच्या नित्याच्या आवाक्यात आले. भारतात १९८०–९० या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयाने व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाने अशी सेवा सुरू केली. तेथील गोगटे, क्षीरसागर व दळवी यांनी विकसनशील देशांतील या सेवेचा आढावा १९९९ मध्ये प्रसिद्ध केला.

मराठवाड्यात औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. परभणीस ते २०२३ मध्ये मिळाले. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावच्या रुग्णाला खर्चाइतकीच वेळेचीही अडचण असते. नमुना सकाळच्या गोळीपूर्वी घ्यावयाचा असतो. गोळी घेऊन घरून निघालेल्याचे रक्त दुपारी घेतल्यास कार्बमाझेपीन व व्हॅल्प्रोएट यांचे आकडे फसवे येतात. फिनिटॉइन सावकाश उतरत असल्याने त्यात हा दोष कमी असतो. टिपकागदावर वाळविलेला रक्ताचा थेंब टपालाने पाठविण्याची पद्धत अशा गावांना अधिक सोयीची आहे. मात्र तिचा प्रसार फारसा झालेला नाही.

प्रत्येक रुग्णाचे नियमित मापन करण्याविषयीचा उत्साह पुढे ओसरला. इटलीतील एका बहुकेंद्री चाचणीत (२०००) अशा मापनाचा लक्षणीय लाभ दिसून आला नाही. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाच्या २००८ च्या मार्गदर्शिकेने ठराविक मर्यादेपेक्षा रुग्णाच्या आकड्या ज्या संहतीस थांबल्या, तिला महत्त्व दिले. गर्भारपण, यकृताचे विकार, क्षयावरील औषधे, तसेच गोळ्या नियमित घेतल्या जात नसल्याचा संशय या प्रसंगी मात्र रक्तमापन आवश्यक मानले जाते.