आधी डोकं, मग डीएनए

ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जीवाणू. टी-४ नावाचा फेज, म्हणजे जीवाणूंवर जगणारा विषाणू, त्याच्यात एकदा घुसला की अर्ध्या तासात शंभरावर नवे टी-४ त्याला फोडून बाहेर पडतात. टी-४च्या डोक्याची लांबी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून जेमतेम जास्त. आत ठासलेला डीएनए त्याच्या जवळपास ५०० पट लांब! एवढ्या घाईत हे जमतं कसं?

उत्तर मिळालं ते बिघडलेल्या फेजांकडून. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये रॉबर्ट एडगर आणि सहकाऱ्यांनी एकेक जनुक बिघडलेले टी-४ जमवायला घेतले. त्यांतल्या एका गटाला ‘अंबर’ नाव पडलं, ते बर्नस्टाइन या विद्यार्थ्याच्या आडनावावरून. जर्मनमध्ये त्याचा अर्थ अंबर, म्हणजे झाडाची अश्मीभूत राळ. कुणाची डोकी तयार, पण शेपट्या नाहीत. कुणाचं नेमकं उलट. जिनिव्हात एडुआर्ड केलेनबर्गर यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही फेजांत तर डोक्यांऐवजी लांबलचक नळ्याच दिसल्या. १९६६ मध्ये एडगर आणि विल्यम वुड यांनी अशा अर्धवट मालाचे अर्क परीक्षानळीत एकत्र केले. सुटे भाग आपापले जुळले आणि जीवाणूला लागण करू शकणारे फेज तयार झाले.

डोक्याचं बांधकाम मात्र इतकं सरळ नाही. स्लॅब जसा सेंट्रिंगवर, तसं बाहेरचं कवच आतल्या आधार-प्रथिनांवर उभं राहतं. मग सेंट्रिंग काढायचं. साल्मोनेला या जीवाणूच्या पी-२२ फेजमध्ये ही प्रथिनं धडधाकट बाहेर पडतात आणि पुढच्या डोक्याच्या कामाला लागतात, हे एमआयटीच्या जोनाथन किंग यांच्या गटाने १९७०च्या दशकात दाखवलं. टी-४ मध्ये त्यांचे आतच तुकडे होतात. जागा मोकळी झाली की डोक्याच्या तोंडाशी बसलेली प्रथिनांची मोटर एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून डीएनए आत रेटते आणि डोकं गच्च भरलं की उरलेला धागा कापला जातो. २००१ मध्ये फाय-२९ या फेजचा डीएनए प्रकाशाच्या चिमट्याने मागे खेचून पाहिला, तेव्हा ही मोटर ५७ पिकोन्यूटनपर्यंत जोर लावते असं आढळलं. स्नायूतल्या मायोसिनच्या एका रेणूची ताकद याच्यापुढे फारच थोडी.

या इतिहासातलं सर्वांत दूरवर पोचलेलं काम केंब्रिजमध्ये झालं. उलरिख लेम्ली यांना डोक्याची प्रथिनं बांधकाम चालू असताना बदलतात का, हे पाहायचं होतं. त्यांनी ती डिटर्जंटमध्ये उलगडून जेलमधून विजेच्या जोरावर पळवली: लहान पुढे, मोठी मागे. कवचाच्या मुख्य प्रथिनाचा पट्टा पूर्ण झालेल्या फेजमध्ये पुढे सरकलेला होता, म्हणजे प्रथिन वाटेत कातरलं गेलं होतं. आज पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतही प्रथिनं वेगळी करायला हीच पद्धत वापरतात.

‘नेचर’ने २०१४ मध्ये जगातले सर्वाधिक उद्धृत शोधनिबंध मोजले, तेव्हा लेम्लींचा १९७०चा निबंध दुसरा आला. त्याच्या शीर्षकात जेलचा उल्लेखही नाही. आहे तो टी-४च्या डोक्याचा.